पट्टा बदलतो, आस बदलत नाही

बाळा, आगाशीच्या एका जुन्या घरातून पट्ट्यावर चालणारं टर्नटेबल निघालंय आणि ते तुझ्या मनात भरलंय, असं तुझ्या आईकडून कळलं. घ्यायचं तर घे, पण आधी हे वाच. आपल्याकडे घरं पुनर्विकासाला गेली की अशी यंत्रं माळ्यावरून उतरतात, आणि उतरल्या उतरल्या सगळीच ‘चालू कंडिशन’मध्ये असतात!

घरून निघण्याआधी

१. आधी आपल्याच कपाटातल्या तबकड्या काढून त्यांवरचा वेग वाच — पट्ट्याची बहुतेक टर्नटेबलं फक्त ३३ आणि ४५वर चालतात. आजोबांचा ठेवा बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्यांचा असेल तर हे यंत्र त्याच्या कामाचं नाही. त्या तबकड्यांची खाच रुंद असते, सुईही जाड लागते.

२. यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो आधीच मागव — मॉडेल, व्होल्ट, हर्ट्झ सगळं तिथे लिहिलेलं असतं. निम्मा निकाल घरबसल्या लागतो आणि रिक्षाचं भाडं वाचतं.

३. मॉडेल कळलं की त्याची सुई आणि सुटे भाग आजही मिळतात का ते शोध — थोरेन्स टीडी १६०, रेगा प्लॅनर ३, लिन एलपी १२ यांचे मिळतात. लिन तर १९७०च्या दशकापासून तेच मॉडेल बनवतेय. नाव-गाव नसलेल्या देखण्या डब्याची सुई धरणारी दांडी एकदा मोडली की त्याच्यावर फुलदाणीच ठेवायची.

४. ‘अमेरिकेतल्या मामाचं आहे’ म्हणून हुरळू नकोस — १२० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मर सोडवतो, ६० हर्ट्झचा नाही. तिथली सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, आणि काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतं.

५. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते विचार — मिळाली तर तीच मोटर नीट चालते. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत लेथवर पुली कातून मिळेलही, पण व्यास केसभर चुकला तरी वेग चुकतो, म्हणून मूळ मापाचा कागद हातात असल्याशिवाय तिकडे जाऊ नकोस.

६. जपानी यंत्राची पट्टी दोनदा वाच — तिथली वीज १०० व्होल्टची, आणि पूर्वेला ५० हर्ट्झ तर पश्चिमेला ६०. मोटर डीसी असेल तर हर्ट्झची काळजी सोड, फक्त व्होल्ट जुळव.

७. पिशवीत एक टाकाऊ एलपी, भिंग, टॉर्च आणि छोटा स्टिकर टाक — अनोळखी सुईखाली पहिली तबकडी घरची ‘गीतरामायणा’ची नसावी. परक्या सुईला आधी भंगार दाखवावं, मग भांडार.

विकणाऱ्याच्या घरी

८. चहा घे, चार गोष्टी बोल आणि मग थाळी उचलून खाली बघ — खरंच पट्टा आहे की रबरी चाक, ते तिथेच कळतं. गॅरार्ड आणि बीएसआरचे जुने चेंजर बहुतेक रबरी चाकावर चालायचे, आणि विकणाऱ्यालाही हा फरक माहीत असेलच असं नाही.

९. पट्टा सैल, चिकट किंवा वितळलेला दिसला तरी तोंड वाकडं करू नकोस — यंत्रातला तो सगळ्यांत स्वस्त आणि मरायलाच जन्मलेला भाग. त्याच्या नावाने भाव कमी करून घे, पण त्याच्यापायी यंत्र नाकारू नकोस.

१०. पट्टा काढून थाळी हाताने फिरव आणि कान जवळ ने — ती बराच वेळ, अजिबात आवाज न करता फिरली पाहिजे. मग काठ धरून हलकेच डोलव. खटखट लागली तर खालचा आस किंवा त्याचं बेअरिंग झिजलंय, चहाबद्दल आभार मानून ऊठ.

११. दांडीचं मागचं वजन फिरवून ती अधांतरी तरंगते का बघ आणि बोटाने अलगद आत-बाहेर ने — कुठेही अडखळली तर तिचं बेअरिंग गेलेलं. वजनच हरवलं असेल तर सौदा थांबव, कारण त्याच दांडीचं वजन शोधताना गणपती जातील, दिवाळीही जाईल.

१२. सुई बसते त्या कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक तारांवर टॉर्च मार — खाऱ्या हवेने टोकं हिरवी पडली की एका बाजूचा आवाज गुल होतो. अर्नाळा-कळंबकडून आलेलं यंत्र असेल तर क्रोमवर गंजाचे फोडही शोध.

१३. विचारून, थाळी बाजूला काढून, यंत्राचा तळ बघ — जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचलं तेव्हा तळमजल्यावरचं सामान आधी भिजलं. फुगलेली फळी, पाण्याची रेघ किंवा लालभडक स्क्रू दिसले तर यंत्र आज चालेल, पण पुढच्या पावसाची हमी नाही.

१४. थाळी वरून हळूच दाबून सोड. स्प्रिंगवरचं यंत्र असेल तर ती सरळ वर-खाली झाली पाहिजे — एडगर व्हिल्चर यांनी १९६१च्या एआर टर्नटेबलात थाळी आणि दांडी एकाच तरंगत्या चौकटीवर बसवली ती बाहेरचे धक्के सुईपर्यंत पोचू नयेत म्हणून. तिरकी हेलकावली तर स्प्रिंगा जुळवाव्या लागतील. तो खर्च नाही, पण खटाटोप आहे.

१५. थाळीच्या काठाला स्टिकर लाव आणि फेरे मोज. ३३च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० झाले पाहिजेत — आणि सुई तबकडीवर असतानाच मोज, मोकळी थाळी खरं बोलत नाही.

१६. काठावर वेग दाखवणारे ठिपके असतील तर ५० हर्ट्झची रांग कोणती ते आधी बघ — वेग तपासायच्या छापील चकतीवर ३३साठी ५० हर्ट्झला १८० रेघा असतात, ६० हर्ट्झला २१६. वेग बरोबर असला की त्या थांबलेल्या दिसतात; पण एलईडीच्या उजेडात तशा दिसल्या नाहीत तर यंत्राला दोष देऊ नकोस. जुन्या चोकची ट्यूबलाइट शोध.

१७. एखाद्या ख्यालाची सुरुवात लावून तानपुरा ऐक — सूर डोलला तर वेग स्थिर नाही, आणि पहिला संशय जुन्या पट्ट्यावर घ्यायचा. दोन गाण्यांमधल्या शांततेत घरघर आली तर मात्र ती आसाची किंवा मोटरची, तिला नवा पट्टा हा उतारा नाही.

१८. बाजूचं शेवटचं गाणं ऐकल्याशिवाय उठू नकोस — झिजलेली सुई किंवा चुकीची बसवलेली कार्ट्रिज आतल्या खाचांमध्ये उघडी पडते, ‘स’ आणि ‘श’ फाटतात.

पैशाचं बोलणं

१९. ‘पिन नवीनच टाकलीय’ यावर हसून मान डोलव आणि नव्या सुईचे पैसे मनात धरूनच भाव कर — सुई वाचवली की तबकडी खर्ची पडते.

२०. यंत्राची किंमत, सुई, पट्टा, दुरुस्ती आणि टेम्पो यांची बेरीज कागदावर लिही. शेजारी चांगल्या नव्या टर्नटेबलची किंमत लिही — डोक्यातल्या हिशोबात आवडत्या वस्तूचे आकडे नेहमी लहान होतात.

२१. घरच्या अॅम्प्लिफायरला ‘फोनो’चं सॉकेट आहे का बघ — मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देते, साध्या ‘ऑक्स’मध्ये लावलीस तर आवाज किरटा आणि दबका येतो. सॉकेट नसेल तर फोनो प्रीअॅम्पचे पैसेही त्याच बेरजेत घाल.

२२. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जायचं झालं तरी नियम तोच, वाजवून दाखवल्याशिवाय पाकीट काढायचं नाही — ‘घरी जाऊन लावा, मस्त वाजेल’ हे वाक्य फक्त विकणाऱ्याच्या फायद्याचं.

२३. सागवानी पॉलिशकडे बघत भाव करू नकोस — चकाकी डोळ्यांची, शांतता कानांची. पैसे कानांना विचारून द्यावेत.

२४. ‘संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणाले तर येऊ दे — जुनं यंत्र इतकी वर्षं थांबलंय, एक रात्र आणखी थांबेल.

घरी आणल्यावर

२५. आणताना थाळी आणि मागचं वजन वेगळं बांध, दांडी अडकव, सुईला टोपी घाल, आणि स्प्रिंगा आवळायचे स्क्रू असतील तर आवळ — नाही तर वाटेतला एक खड्डा पुरतो. मुंबईहून आणत असशील तर संध्याकाळची विरार लोकल विसर. तिथे माणसालाच उभं राहायला जागा नसते.

२६. बेअरिंगला कंपनीने सांगितलेलंच पातळ तेल दोन थेंब घाल. खोबरेल तर नकोच — डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं आणि थाळीही. तसंच पट्ट्याच्या जागी डब्याचं रबरबँड लावून बघायचा मोह आवर; पट्ट्याची जाडी बदलली की वेग बदलतो.

२७. सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर लिहिला असेल तेवढाच ठेव, मॅग्नेटिकला साधारण दीड ते अडीच ग्रॅम — हलकी ठेवली की तबकडी वाचते हा गैरसमज. सुई उड्या मारते आणि खाच ओरबाडते.

२८. गुणगुण आली तर अर्थची बारीक तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का ते आधी बघ — पाच मिनिटांच्या कामासाठी मेकॅनिक बोलावायला नको.

२९. पावसाळ्यात यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालव आणि तबकड्यांची बुरशी वेळीच पूस — पण लाखेच्या ७८च्या तबकडीला स्पिरिट लावू नकोस, लाख त्यात विरघळते.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तर तीनच गोष्टी धर: आस, दांडी आणि ५० हर्ट्झला जुळणारी मोटर. तिन्ही धड असतील आणि कागदावरची बेरीज नव्या यंत्राच्या आत बसत असेल, तर खुशाल घे. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर फुकट मिळालं तरी महागच. आणि फोन करायचा तो पैसे देण्याआधी कर, नंतर केलास तर मी फक्त अभिनंदनच करणार.