खारेपाटातून आभाळाकडे: रेंजबद्दल अनुभवाचे बोल

धरमतर खाडीकाठची खारेपाटातली गावं आणि पेण-रोह्याच्या डोंगरातल्या वाड्या, दोन्हीकडच्या लोकांचे दाखल्यांचे, रेशनचे, पीकविम्याचे ऑनलाइन अर्ज मी भरून देतो. उपग्रह इंटरनेट आपल्याकडे यायलाच हवं, हे माझं मत या कामातूनच पक्कं झालं.

१. रेंज नसली की पहिली मजुरी गरिबाची बुडते. कातकरी वाडीतली बाई रेशनच्या ई-केवायसीसाठी डोंगर उतरते, सर्व्हर लागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. तिचे दोन्ही रोज जातात.

२. वादळात टॉवरवर विसंबू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब आडवे झाले, मागोमाग टॉवर बंद पडले. मुंबईतल्या मुलांना घरची खुशाली कळेना. उपग्रह इंटरनेटच्या डिशला गावात टॉवर लागत नाही की केबल लागत नाही. वीज मात्र लागते. म्हणून सोबत सोलर पॅनल आणि बॅटरी मागून घ्यावी.

३. उपग्रह किती उंचीवर आहे, ते विचारावं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो, व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलताना ते जाणवतं. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे बोलणं सलग होतं.

४. डिश सगळ्यांची असावी. तिला मोकळं आभाळ लागतं. आंब्या-फणसाच्या सावलीत ती चालत नाही आणि मुसळधार पावसात वेग मंदावतो. घरटी खर्च वाडीला झेपणार नाही. शाळेच्या छपरावर एकच डिश बसवली, तर मुलं, आशाताई, रेशन दुकानदार सगळ्यांचं काम भागेल.

५. दुर्गमता मुंबईपासूनच्या अंतरावर ठरवू नये. ५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकार आणि स्टारलिंक यांच्यात दुर्गम भागांत उपग्रह इंटरनेट देण्यासाठी इरादापत्र झालं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमचा उल्लेख आहे. त्या जिल्ह्यांची गरज मोठीच आहे. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती इर्शाळवाडी आपल्याच रायगडातली, आणि तिथे मदत पायी डोंगर चढून गेली. संकटात वाडीची हाक तालुक्याला किती वेळात पोहोचते, यावरून दुर्गम गावांची यादी व्हावी. तसा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करून तहसीलदारांकडे द्यावा. अर्ज लिहून द्यायला मी आहे.