घरपट्टी कमी होते ती नमुना ८ वाचल्यावर

आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला, गावठाणात. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे आजोबांच्या वेळचं माळवद. घरपट्टीच्या पावत्या वडील लोखंडी पेटीत नीट लावून ठेवत, पण वाचत नसत. त्यांच्यामागं मीही बरीच वर्षं तेच केलं. मग फेरआकारणी झाली, मागणी बिल हातात आलं आणि आकडा पाहून मी पहिल्यांदा विचारलं, हा आला कुठून? आपल्याकडं पट्टी वाढली की माणसं एक तर ती थकवतात, नाही तर ओळखीचा सदस्य गाठतात. दोन्हीनं बिल उतरत नाही. कशानं उतरतं ते मला दीड वर्षानं कळलं.

१. आधी नमुना ८ चा उतारा काढा.
तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. घराची कर आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. त्यावरून नमुना ९ मध्ये मागणी चढते आणि पैसे भरले की नमुना १० ची पावती मिळते. चूक असली तर ती ८ मध्ये सापडते. बिल घेऊन खिडकीवर भांडण्यात माझे दोन हेलपाटे वाया गेले.

२. टेप घेऊन घर स्वतः मोजा.
भावानं एक टोक धरलं, मी दुसरं. मागचा एक खण १९९३ च्या भूकंपात खचला होता. मातीच्या भिंतींचा भरवसा राहिला नाही म्हणून वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात तो उतरवला. लाकडं विकली, माळवदाची माती परसात पसरली. तिथं आता आईचा शेवगा आणि कढीपत्ता आहे. उताऱ्यात मात्र तो खण उभाच होता! पाडल्याचं आम्ही कधी कळवलंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही शेवग्याच्या झाडाखालच्या मोकळ्या जागेची घरपट्टी भरत होतो. स्वामित्व योजनेतली सनद मिळाली असेल तर जागेचं क्षेत्र तिच्याशीही ताडून पाहा.

३. कुठली खोली कशाची, हे वेगवेगळं नोंदवून घ्या.
२०१५ च्या अखेरीस ग्रामपंचायतींचे कर नियम बदलले. आता आकारणी भांडवली मूल्यावर होते : जागेची किंमत, बांधकामाची किंमत, त्याला वयाप्रमाणे घसारा, वापराचा भारांक आणि मग कराचा दर. हा दर मातीच्या घराला सर्वांत कमी आणि आरसीसीला सर्वांत जास्त. आमचं अख्खं घर आरसीसी म्हणून चढलं होतं. मोजणीची माणसं आली तेव्हा आई एकटी घरी होती आणि मागचं दार उघडून माळवद दाखवायचं तिला सुचलं नाही.

४. बांधकामाचं वर्ष तपासा.
यातली गंमत आईनंच सांगितली. “घर कधीचं?” असं विचारल्यावर ती म्हणाली होती, “परवाच केलंय की नवं.” नवी होती ती फरशी आणि रंग. तिनं अभिमानानं सांगितलं आणि तेच वर्ष उताऱ्यात बसलं. घर जितकं जुनं तितका घसारा जास्त, मूल्य तितकं कमी. स्लॅब किती जुना हे दाखवायला वडिलांच्या पेटीतल्या पावत्या आणि वीजजोडणीचा जुना कागद कामी आला. जुने कागद रद्दीत घालू नका.

५. वापर बदलला की कळवा.
पुढची एक खोली शिलाईच्या दुकानाला दिली होती. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तिथं आता भाचा अभ्यास करतो. पण नोंद दुकानाचीच होती आणि दुकानाचा भारांक घरापेक्षा जास्त. हे उलटही लागू आहे. नवी खोली बांधली तर तीही सांगा. लपवलेलं बांधकाम पुढच्या आकारणीत निघतंच, आणि त्याच पट्टीतून गावचे दिवे लागतात, नाल्या निघतात.

६. तोंडी सांगून सोडू नका.
अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. फेरआकारणी साधारण चार वर्षांनी होते. तेव्हा प्रारूप यादी लागते आणि हरकतींना मुदत असते. ती यादी जाऊन वाचा, सगळ्यांत सोपी दुरुस्ती तिथंच होते. तिथं निभावलं नाही तर पंचायत समितीकडं अपील करता येतं, त्यापुढं जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. ग्रामसेवक घरी आले, शेवगा पाहिला आणि पंचनामा झाला.

७. हक्काची सवलत सोडू नका.
माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घराची पट्टी माफ करण्याचा निर्णय २०२० पासून आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना तो माहीतच नव्हता. बाकी सगळ्यांसाठी सोपी सवलत म्हणजे वेळेवर भरणं : चालू वर्षाची पट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट, ३१ मार्च ओलांडला तर ५ टक्के दंड. ३० सप्टेंबर ही भूकंपाची तारीख. आपल्या जिल्ह्यात ती कुणाला लक्षात ठेवावी लागत नाही.

आमची पट्टी जवळजवळ एक तृतीयांशानं उतरली. पुण्या-मुंबईला असणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : गावच्या घरी आई-वडील एकटे असतात, आणि आकारणीची माणसं त्यांनाच प्रश्न विचारतात. महालक्ष्म्यांना गावी याल तेव्हा सोबत टेप आणा, आणि मागचं दार उघडून घर मोजा.