तेलातली सडकपट्टी

सडक आपल्या रोजच्या कामाची. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी अशी जाणारी सडक घ्या, की नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादेला जाणारी घ्या. खडी, डांबर, पूल, मजुरी, साऱ्याला पैसा लागतो. हा पैसा देतो कोण? "सरकार देते," असे आपण चटकन म्हणतो. पण सरकारच्या तिजोरीत तो येतो कोठून, ते आपण आज पाहू.

मोटार किंवा फटफटी घेतली की मालकाला वाहनकर भरावा लागतो. आपल्या राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. हा कर डोळ्यांना दिसतो. त्याची पावती मिळते. दुसरी पट्टी मात्र दिसत नाही. ती पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावातच मिसळलेली असते. ज्याची गाडी जास्त चालते, त्याला तेल जास्त लागते. सडकही त्याच्याच चाकांनी जास्त झिजते. म्हणून तेल घेतानाच सडकेचे पैसे घ्यावेत, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब आपल्या देशात बसवून देण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्यांचे नाव. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२७ साली इंग्रज सरकारने सडकांचा विचार करायला एक समिती नेमली. जयकर तिचे अध्यक्ष होते. समितीने सांगितले की, सडकांचा खर्च आता प्रांतांना आणि स्थानिक बोर्डांना झेपणारा नाही. पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे जादा घ्या आणि तो पैसा सडकांसाठी वेगळा ठेवा. १९२९ सालापासून तसे सुरू झाले. गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे आठ गॅलन पेट्रोल खपले की एक रुपया सडकेच्या पेटीत पडे. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता.

यात 'वेगळा ठेवा' हे शब्द फार महत्त्वाचे. लेकीच्या लग्नाला म्हणून बाजूला काढलेला पैसा बाजारहाटात गेला, तर ऐन वेळी सावकाराचे दार धरावे लागते. सरकारचेही तसेच आहे. २००० साली देशात सडकनिधीचा नवा कायदा झाला. पेट्रोल-डिझेलवर जो सडक-उपकर घेतात, त्यातल्या डिझेलच्या रकमेचा अर्धा भाग त्या कायद्याने खेड्यांच्या सडकांना दिला. त्याच साली २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. ज्या वाडीला पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा जात नव्हती, तिथे डांबर गेले ते अशा पैशाने. २०१८ साली त्या कायद्यात बदल झाला. आता त्या निधीतून सडकांबरोबर दुसरी कामेही होतात.

आता प्रश्न असा, की मोटार दुसऱ्याच कशावर चालली तर? ही कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक लहान इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्याकडे भुईमूग आहे, करडई आहे. म्हणून कोणी लगेच घाण्याचे तेल टाकीत ओतू नये! कच्चे तेल दाट असते, थंडीत आणखी घट्ट होते आणि गाळणी तुंबते. त्यावर प्रक्रिया करून जैवडिझेल बनवतात. त्याच्या विक्रीला २०१९ पासून सरकारचे नियम आहेत.

विलायतेत, वेल्स भागातल्या लानेली गावी, २००२ साली एक गंमत झाली. डिझेल महाग म्हणून लोक दुकानातले स्वस्त गोडेतेल गाडीत घालू लागले. खाण्याच्या तेलावर सडकेचा कर नव्हता. मग पोलीस गाड्या थांबवून धुराचा वास घेऊ लागले. धुराला तळणाचा वास आला की दंड! लोकांनी त्या पोलिसांना 'तळणपथक' असे नाव पाडले. पुढे २००७ मध्ये तिथल्या सरकारने वर्षाला २,५०० लिटरपर्यंतचे असे इंधन करातून मोकळे केले. आम्हाला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. घरच्यापुरते करणाऱ्याच्या मागे लागू नये, धंदा करणाऱ्याकडून घ्यावे.

आपल्याकडे गोडेतेलापेक्षा उसाची गोष्ट मोठी आहे. उसाच्या मळीपासून इथेनॉल होते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा प्रयोग २००१ साली सुरू झाला, आणि त्यात आपल्या राज्यातली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. आज शेकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळतात. मिसळण्यासाठी विकलेल्या इथेनॉलवरचा वस्तू व सेवा कर २०१८ साली शेकडा अठरावरून पाचवर आणला. पेट्रोलवर मात्र हा कर नाहीच. त्यावर केंद्राचे अबकारी शुल्क आणि राज्याचा विक्रीकर असतो. इथेनॉलची ऊब लिटरमागे पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच. तरी पंपावर मिसळलेल्या तेलाचा भाव त्या मानाने उतरत नाही. कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले हे खरे. फटफटीवाल्याने मात्र आपला हिशेब वहीत मांडून पाहावा.

विजेवर चालणारी गाडी तर पंपावर जातच नाही. एसटीची पहिली विजेची 'शिवाई' गाडी १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. विजेच्या गाड्या वाढाव्यात म्हणून आपल्या राज्याने २०२१ च्या धोरणात त्यांना वाहनकर माफ केला, आणि २०२५ च्या धोरणातही ही सूट ठेवली. वायूवर चालणाऱ्या खासगी मोटारींचा कर मात्र २०२५ मध्ये शेकडा एकाने वाढवला. धूर कमी व्हावा म्हणून नव्या गाडीला सूट देणे योग्यच. पण विजेची गाडीही त्याच सडकेवरून जाते. उद्या तेल घेणारे कमी झाले, तर खेड्याच्या सडकेची पेटी कशाने भरायची, हे आजच ठरवायला हवे.

आणि शेतकऱ्याचे काय? त्याचे डिझेल नांगरटीला लागते, मळणीला लागते, विहिरीवरच्या इंजिनाला लागते. ते इंजिन जागचे हलत नाही. तरी त्याच्या प्रत्येक लिटरमागे सडकेची पट्टी भरलेली असते. ग्रामसभेत सडकेचा विषय निघाला की "आम्ही कुठे काय भरतो?" असे म्हणून पुष्कळजण मागे बसतात. त्यांनी पुढे बसावे आणि आपल्या सडकेचे अंदाजपत्रक वाचायला मागावे.