डब्यावरील रंगीत त्रिकोण
(सामान्य विज्ञान : पाठाची रूपरेषा)

हेतू : कीटकनाशक किडीप्रमाणे मनुष्यासही बाधते व ते त्वचेवाटेही शरीरात शिरते, हे विद्यार्थ्यांस कळावे.

प्रस्तावना : राणीसावरगावच्या परिसरात कपाशीवरील फवारणी मुलांच्या नित्य पाहण्यातील, म्हणूनच तिचा धोका नजरेआड होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर यांस विषबाधा झाली. वीसच्या आसपास दगावले. विष श्वासावाटे व त्वचेवाटे त्यांच्या अंगात भिनले होते.

विवेचन : मज्जातंतूने स्नायूस दिलेला संदेश काम होताच पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके ते निकामी करतात. मग संदेश थांबत नाही. घाम व लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, अखेर श्वास कोंडतो. किडीच्या शरीरातही असेच विकर असल्याने एकच विष दोघांस मारक ठरते.

कृती : शिक्षकांनी फळ्यावर डब्यावरील चौकट काढावी. तिच्या खालच्या त्रिकोणाचा लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम व हिरवा सौम्य विषारी दर्शवितो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे आवर्जून सांगावे. खरा डबा वर्गात आणू नये.

घरी सांगावयाचे : रिकाम्या डब्यात पाणी वा तेल भरू नये. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. औषध अंगावर सांडल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे. बाधा झालेल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे व डब्यावरील नाव डॉक्टरांस दाखवावे. उपचार त्यावरून ठरतो.