हेर्नहूटचा करार

श्रद्धा एक असली की माणसे आपोआप गुण्यागोविंदाने नांदतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. जर्मनीतील सॅक्सनीमध्ये वसलेल्या हेर्नहूट या खेड्याचा आरंभीचा इतिहास पाहिला, म्हणजे हा समज किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

सुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या शिकवणीतून स्फूर्ती घेऊन १४५७ मध्ये बोहेमियात एक बंधुसंघ स्थापन झाला. सतराव्या शतकात कॅथलिक राजसत्तेने या संघाच्या उपासनेवर बंदी घातली. तरीही मोराव्हियातील काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे प्रार्थना करीत राहिली. १७२२ मध्ये क्रिस्तियान डेव्हिड नावाच्या सुताराने यांपैकी काहींना सीमेपलीकडे आणले. काउंट त्सिन्त्सेनदोर्फ या अवघ्या बावीस वर्षांच्या उमरावाने त्यांना आपल्या जहागिरीत आश्रय दिला. १७ जून १७२२ रोजी पहिले झाड तोडून वस्तीचा आरंभ झाला. हेर्नहूट म्हणजे प्रभूची राखण.

पुढे निरनिराळ्या पंथांचे लोक तेथे येऊ लागले आणि वादाला तोंड फुटले. उपासनेची पद्धत कोणती, गावातील ल्यूथरपंथी धर्मगुरूचा अधिकार मानावा की नाही, पूर्वजांची शिस्त पुन्हा चालू करावी काय, असे हे प्रश्न होते. मतभेद इतके विकोपाला गेले, की खुद्द क्रिस्तियान डेव्हिडने गावाबाहेर वेगळे बिऱ्हाड केले. ज्यांनी श्रद्धेपायी घरदार सोडले होते, तेच श्रद्धेच्या नावाने एकमेकांपासून दुरावले.

तेव्हा त्सिन्त्सेनदोर्फ यांनी ड्रेस्डेनच्या दरबारातील काम सोडून या वस्तीकडे लक्ष दिले. ते घरोघर जाऊन लोकांशी बोलले. १२ मे १७२७ रोजी त्यांनी रहिवाशांसमोर दोन लेख ठेवले. पहिल्यात जमीनदार या नात्याने घातलेले नियम होते. हेर्नहूटचे रहिवासी भूदासत्वातून कायमचे मुक्त राहतील, हे त्यांतील महत्त्वाचे कलम. दुसरा लेख म्हणजे बंधुत्वाचा करार. अन्य पंथांतील श्रद्धाळूंशी प्रेमाचे नाते राखावे, त्यांचा न्यायनिवाडा करीत बसू नये, असा त्याचा आशय होता. पुढील काळात लोकांनी या करारावर स्वेच्छेने सह्या केल्या.

करार टिकला तो रोजच्या व्यवस्थेमुळे. बारा ज्येष्ठ निवडण्यात आले आणि त्यांतून चौघे मुख्य ज्येष्ठ चिठ्ठ्या टाकून ठरले. या चौघांत गावाबाहेर गेलेला क्रिस्तियान डेव्हिडही होता. स्त्रियांचे व पुरुषांचे स्वतंत्र छोटे गट पडले. त्यांत प्रत्येकाने आपल्या मनाची स्थिती मोकळेपणाने सांगावयाची असे. १३ ऑगस्टच्या प्रभुभोजनाच्या वेळी दुभंगलेली मने एकत्र आली, असे ही मंडळी आजही मानते. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून चोवीस पुरुष व चोवीस स्त्रिया यांनी तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली. ती परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १७३० मध्ये आन्ना निचमान ही चौदा वर्षांची मुलगी स्त्रियांची मुख्य ज्येष्ठा झाली.

या लहानशा समाजाचा प्रभाव दूरवर पोचला. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये हेर्नहूटला भेट दिली. या मंडळीचे लोक १७६० मध्ये तामिळनाडूतील तरंगंबाडीस आणि १८८५ मध्ये लडाखमधील लेह येथे आले. लेहमध्ये त्यांची मंडळी अजूनही आहे. २०२४ मध्ये हेर्नहूटचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७३२ मध्ये हेर्नहूटचे दोन बंधू कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर तेथील गुलामांना सुवार्ता सांगण्यासाठी गेले. काही वर्षांतच त्याच मिशनने तेथे मळा विकत घेतला व त्यावर गुलामांकडून काम करून घेतले. आपल्या गावात भूदासत्वाला थारा न देणाऱ्या मंडळीला तेथे हा विसंवाद दिसला नाही.

म्हणून असा समाज उभारू पाहणाऱ्यांनी हेर्नहूटकडून दोन गोष्टी शिकाव्यात. परस्परांशी कसे वागावयाचे हे आधीच स्पष्ट लिहावे, आणि त्यावरील सही प्रत्येकाने स्वेच्छेने करावी. त्याचबरोबर ज्यांची सही त्या कागदावर नाही, त्यांच्याशी आपण कसे वागतो, हेही वेळोवेळी तपासून पाहावे.