छोट्या ट्रॅक्टरचा तोल

मुंबईत दुमजली बसगाड्या १९३७ साली सुरू झाल्या. परळ, लालबाग, दादरच्या प्रवाशांना त्यांचा एक नियम चांगलाच परिचित होता : वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करण्यास मनाई. भार जितका उंचावर, तितका वाहन कलंडण्याचा धोका अधिक, हे त्यामागील कारण होय. शेतात व फळबागेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरलाही हेच तत्त्व लागू पडते.

ट्रॅक्टरला चाके चार असली, तरी पुढचा ॲक्सल मध्यभागी एका पिनवर झुलता असतो. त्यामुळे ही पिन व मागील दोन चाके असा त्रिकोणच त्याचा आधार ठरतो. गुरुत्वमध्याची लंबरेषा या त्रिकोणाबाहेर गेली की ट्रॅक्टर कलंडू लागतो.

म्हणून मागील चाकांमधील अंतर शक्य तेवढे वाढवावे. मागील टायरांत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरावे किंवा चाकांना लोखंडी वजने जोडावीत. ओढावयाचा भार मागील ॲक्सलच्या खालीच जोडावा. अन्यथा पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र जोडलेली असावीत.

इतके करूनही उतारावर जोखीम उरतेच. यास्तव आसनामागे भक्कम संरक्षक चौकट व चालकाच्या कमरेला पट्टा हवा. चौकट नसल्यास मात्र पट्टा बांधू नये. उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली चालक त्याच पट्ट्याने जखडला जातो.