पीक विमा : वाढीव संरक्षण आणि हप्त्याचे गणित

पुराचे पाणी, गारपीट, काढणीनंतरचा पाऊस असे प्रत्येक नुकसान पीक विम्यात धरावे, अशी आपली मागणी असते. ती रास्तही आहे. परंतु शासनाने अशी तरतूद बंधनकारक केली की तिचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. तो कसा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

हप्ता कसा ठरतो?

समजा, एका महसूल मंडळातील १०० शेतकऱ्यांनी प्रत्येकी एक हेक्टर सोयाबीनचा ५०,००० रुपयांचा विमा उतरविला. उत्पन्नातील घटीपोटी वर्षाला सरासरी ३ लाख रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणजे प्रत्येकी ३,००० रुपये, अर्थात ६ टक्के. आता पुराचे संरक्षण जोडल्याने भरपाई आणखी १ लाखाने वाढली, तर खर्च प्रत्येकी ४,००० रुपये, म्हणजे ८ टक्के होतो. पंचनाम्याचा खर्च वेगळाच.

सर्वांना की मागेल त्याला?

हेच संरक्षण ऐच्छिक ठेवले तर समजा नदीकाठचे २० शेतकरीच ते घेतील आणि प्रत्येकाला त्यासाठी ५,००० रुपये पडतील. सर्वांना लागू केल्यास प्रत्येकी १,००० रुपयेच पडतात. मात्र माळरानावरील शेतकऱ्याच्या हप्त्यातही ते मिळविले जातात.

फरक कोण भरतो?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (खरीप २०१६ पासून) शेतकऱ्याचा हप्ता खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के व नगदी पिकांसाठी ५ टक्के आहे. उरलेली रक्कम केंद्र व राज्य शासन भरते. वरील उदाहरणात शेतकरी १,००० रुपयेच भरतो. शासनाचा वाटा मात्र २,००० वरून ३,००० रुपये होतो. हा भार डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा सुरू झाला. खरीप २०२५ मध्ये ही सवलत बंद झाली. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान इत्यादी बाबी वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवण्यात आली. अशा पद्धतीत ओढ्याच्या पुराने आपले एकट्याचे शेत वाहून गेले, पण मंडळाचे उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिले, तर विम्याची भरपाई मिळत नाही.

आपण काय करावे?

१. विमा उतरविण्यापूर्वी त्या हंगामाच्या अधिसूचनेत कोणत्या जोखमी आहेत ते पाहावे.

२. स्थानिक आपत्ती समाविष्ट असल्यास नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी.

३. गावातील पीक कापणी प्रयोगाच्या वेळी हजर राहावे.

४. विम्यात पूर धरलेला नसल्यास बांधबंदिस्ती व निचऱ्याचे चर पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावेत.

हप्ता किती, एवढेच न विचारता त्यात काय मिळते, हेही विचारावे. स्वस्त विमा संकटात उपयोगी पडला, तरच तो खरा स्वस्त.